जुने गोवे नदीकडून पाहा

पणजीत बिऱ्हाड केलं की पाहुणे आपोआप येतात. माझ्याकडे आत्या, मावशी, मावसभावाचे सासू-सासरे, शाळेतला बाकावरचा मित्र असे सगळे येऊन गेले, आणि प्रत्येकाचा बेत तोच. सकाळी मंगेशी, दुपारी मासे, संध्याकाळी किनारा आणि मधल्या तासाभरात ‘ते जुनं चर्च’. गाडी बॉम जीझसच्या कोपऱ्यावर थांबते. रांगेतून जाऊन संत झेवियरचा देह ठेवलेली पेटी बघायची, रस्ता ओलांडून समोरच्या पांढऱ्या चर्चमध्ये डोकवायचं, शहाळं प्यायचं आणि गाडीत बसायचं. झालं जुने गोवे.

यात पाहुण्यांची चूक नाही, रस्त्याची आहे. आजचा रस्ता आपल्याला या शहराच्या मधोमध आणून सोडतो. शहर मात्र मांडवीकडे तोंड करून बांधलेलं आहे. ओटी-पडवी चुकवून कुणाच्या थेट माजघरात उतरावं तसं होतं आपलं. मग कुठलं काय, कशाच्या शेजारी का, याचा पत्ता लागत नाही. म्हणून नवख्या माणसाला माझा एकच आग्रह असतो: गाडीतून उतरलात की चर्चकडे पाठ करा आणि आधी नदीवर जा. पुढचा सगळा क्रम त्या हिशेबाने दिला आहे. चालणं सगळं मिळून दीड-दोन किलोमीटर, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा.

निघण्यापूर्वी

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या बऱ्याच बस जुन्या गोव्यावरून जातात. चढताना कंडक्टरला विचारून घ्या. अंतर नऊ-दहा किलोमीटर. शक्य असेल तर रायबंदरमार्गे जाणारी बस धरा. पणजी सोडल्यावर पाण्यातून जो लांबलचक बांध लागतो तो १६३३-३४ साली लिन्यारेश नावाच्या व्हाइसरॉयच्या, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या मुख्य कारभाऱ्याच्या, काळात बांधलेला आहे, आणि आजही त्यावरून रोजची रहदारी चालू आहे. मुंबईहून कोकण रेल्वेने थेट यायचं असेल तर करमळी स्टेशनवर उतरा. मांडवी आणि कोकणकन्या तिथे थांबतात. स्टेशन जुन्या गोव्याच्या अगदी जवळ आहे, पण बाहेर रिक्षा मिळेलच असं नाही आणि मिळाली तर भाडं आधी ठरवा. एकदा मी ठरवलं नव्हतं. त्या दोन किलोमीटरचे पैसे अजून आठवतात.

सकाळी नऊच्या सुमारास पोचणं उत्तम. रविवारी सकाळी मीस म्हणजे प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना आत सोडायला उशीर होतो. शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं, आणि ते चुकवण्यासारखं नाही, म्हणून शुक्रवार टाळा. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि २४ नोव्हेंबरपासून त्याच्या नोवेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात. जत्रा बघायची असेल तर त्या दिवसांत या, वास्तू बघायच्या असतील तर त्या दिवसांत येऊ नका.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे हवेत. किनाऱ्यावरून परस्पर आलेली माणसं दारात अडवली जातात आणि मग ओढणीची शोधाशोध सुरू होते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, घसरायला होतं. तळाला पकड असलेली चप्पल घाला.

चपलेवरून आठवलं. पहिल्यांदा आत्याला घेऊन गेलो तेव्हा ती दारात थबकली आणि चपला कुठे काढायच्या म्हणून इकडेतिकडे बघू लागली. मी म्हटलं, “आत्या, इथे काढायच्या नसतात.” ती म्हणाली, “देवासमोर चपला घालून? मला नाही जमायचं.” आणि चपला पिशवीत घालून ती दिवसभर अनवाणी फिरली. कुणी काही म्हटलं नाही. चपला काढायची पद्धत नाही, पण पुरुषांनी टोपी मात्र काढायची. दाराशी भांड्यात पाणी असतं, ते मंत्रवलेलं पाणी आहे, हात धुवायचं नव्हे. आणि मीस चालू असताना आत असाल तर मागच्या बाकावर बसा. शेवटाकडे लोक उठून वेदीपुढे रांग लावतात, फादर प्रत्येकाला एक पांढरी चकती देतात. आपल्याला वाटतं प्रसाद आहे, घ्यावा. तो ख्रिस्तप्रसाद फक्त दीक्षा घेतलेल्या कॅथलिकांसाठी असतो, रांगेत लागू नका. आमच्यातले एक काका लागले होते. फादरांनी हसून डोक्यावर हात ठेवला आणि पुढे पाठवलं, पण सगळ्यांनी इतकं नशीब गृहीत धरू नये.

धक्का आणि कमान

गांधीजींच्या पुतळ्याच्या चौकातून उत्तरेला उतरणारा रस्ता धरा. पाच-सात मिनिटांत फेरीबोटीचा धक्का येतो. तिथे नदीकडे पाठ करून उभे राहा. समोर जांभ्याची एक कमान दिसेल. ही व्हाइसरॉयची कमान. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय इथेच बोटीतून उतरायचा आणि या कमानीखालून शहरात शिरायचा. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७ साली व्हाइसरॉय म्हणून आला, त्याने पणजोबांच्या स्मरणार्थ ती बांधली. वर कोनाड्यात वास्को उभा आहे. दुसऱ्या बाजूची मूर्ती नीट बघा. तिच्या पायाखाली एक माणूस दबला आहे, आणि तो कोण समजायचा हे सांगायला वाटाड्या लागत नाही. कमान मध्यंतरी ढासळली होती, आज आहे ती १९५४ साली पुन्हा उभारलेली आहे.

इथे दोन मिनिटं उभं राहून इतिहासाचा सांगाडा डोक्यात बसवून घ्या, म्हणजे पुढे प्रत्येक पाटीवरचा आकडा जागच्या जागी जाऊन बसतो. शहर आधी विजापूरच्या आदिलशहाचं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने ते घेतलं. त्या दिवशी संत कॅथरीनचा सण होता, म्हणून ती शहराची संत झाली. पुढची शंभरेक वर्षं भरभराटीची. गोवा पाहिलं त्याला लिस्बन पाहायला नको, अशी पोर्तुगीजांत म्हणच होती. मग साथी आल्या. हिवतापाने आणि पटकीने माणसं मेली, उरलेली निघून गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेच मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. त्याआधी १८३५ मध्ये इथले सगळे धर्मसंघ बंद करून साधूंना हाकलण्यात आलं. रिकाम्या घरांचे दगड होड्यांत घालून पणजीला नेले आणि तिथे नवी घरं उठली. चर्चं तेवढी राहिली. म्हणून आज इथे इतकी प्रचंड देवळं आहेत आणि त्यांत येणारी वस्तीच नाही.

कमानीतून आत आलात की डाव्या अंगाला, सेंट काजेतानच्या आवारात, एक दार एकटंच उभं आहे. भिंत नाही, छप्पर नाही, फक्त पायऱ्या आणि काळ्या दगडाची कोरीव चौकट. आदिलशहाच्या वाड्याचं एवढंच उरलं. चौकटीची घडण बघितली तर एखाद्या देवळाच्या दाराची आठवण यावी. या वाड्यात पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहत आणि एकोणिसाव्या शतकात तो पाडला गेला. बहुतेक लोक या दाराकडे पाठ करून चर्चचा फोटो काढतात.

सेंट काजेतान

हे चर्च पोर्तुगीज वळणाचं नाही. थिएटाइन नावाच्या संघाचे इटालियन साधू गोवळकोंड्याला धर्मप्रसारासाठी निघाले होते, तिथे प्रवेश मिळाला नाही, म्हणून १६४० च्या सुमाराला इथे स्थिरावले. त्यांनी रोमच्या सेंट पीटर्सची लहान आवृत्ती बांधली: मोठा घुमट, पुढे उंच खांबांची दर्शनी भिंत. आत घुमटाच्या बरोबर खाली एक चौथरा आहे, त्याखाली विहीर आहे. का आहे यावर इथला प्रत्येक माणूस वेगळी गोष्ट सांगतो. गर्दी फार नसते. उन्हातून आल्यावर पंधरा मिनिटं बसायला संपूर्ण जुन्या गोव्यात याच्याइतकी थंड जागा नाही.

से कॅथेड्रल

आता रस्ता ओलांडून पांढऱ्या से कॅथेड्रलकडे. दर्शनी बाजूला उभं राहिलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण मनोरा एकच आहे. दुसरा १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधला नाही. शिल्लक मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यांत मोठी घंटा आहे, सोन्याची घंटा म्हणतात तिला, आवाजावरून. ती १६५२ साली कुंकळ्ळीत ओतली.

काम सुरू झालं १५६२ मध्ये, इमारत पुरी झाली १६१९ मध्ये आणि वेद्या संपायला १६५२ उजाडलं. लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५ मीटर. आत शिरताना एकदम पुढे पळू नका. दारातच उभं राहून डोळे अंधाराला सरावू द्या, मग दूर समोरचा सोनेरी पडदा हळूहळू उजळत येतो. तो पडदा म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेलं लाकडी कोरीव काम. मधल्या चौकोनांत संत कॅथरीनची कथा आहे, तिच्या शिरच्छेदापर्यंत. पट्टचित्र वाचतो तशी एकेक चौकट वाचायची.

चर्च बघण्याची एक सोपी रीत सांगतो, पुढे सगळीकडे उपयोगी पडेल. आधी मुख्य वेदीच्या मध्यावर कोण आहे ते बघा, चर्च त्याचं. मग कोणत्या संघाचं ते ओळखा, आणि त्यासाठी खूण शोधा. आय-एच-एस ही तीन अक्षरं, म्हणजे ग्रीकमधल्या येशूच्या नावाची पहिली तीन, ठळकपणे कोरलेली दिसली की जेझुइट समजा, झेवियरचा संघ तो. मग बाजूच्या लहान वेद्या, त्या देवळातल्या परिवारदेवतांसारख्या. त्यानंतर भिंतीला चिकटलेला उंच लाकडी सज्जा, तिथून प्रवचन होई. शेवटी खाली जमीन बघा. पायाखालच्या फरश्यांवर अक्षरं आणि ढाली कोरलेल्या असतील तर त्या समाध्या आहेत. गोव्यातली जुनी माणसं चर्चला इगर्ज आणि लहान प्रार्थनास्थळाला कपेल म्हणतात. वाट विचारताना हे शब्द कामी येतात.

से कॅथेड्रलच्या बाजूच्या चौकातलं हिरवळीचं मैदान रिकामं आहे, पण ते रिकामं नव्हतं. इन्क्विझिशनची कचेरी याच चौकात होती. लोक तिला ‘व्हडलें घर’ म्हणत, थोरलं घर. नाव उच्चारायलाही भीत. १५६० मध्ये सुरू झालेलं हे धर्मन्यायालय मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. बाटून ख्रिस्ती झालेले पण घरी जुने आचार पाळणारे ज्यू आणि हिंदू हे त्याचे मुख्य आरोपी. गार्सिया द ओर्ता हा वैद्य याच शहरात राहायचा. हिंदुस्थानातल्या वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला गेला. १५६८ मध्ये तो सुखाने मेला. पुढल्या वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली, तो मनातून ज्यूच होता म्हणून. या मैदानात त्याची काही खूण नाही. मुलं चेंडू खेळतात.

सेंट फ्रान्सिस आणि संग्रहालय

कॅथेड्रलला वळसा घालून मागे गेलात की पश्चिमेकडे तोंड केलेलं फ्रान्सिस्कनांचं, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या साधूंचं, चर्च लागतं. हा फ्रान्सिस वेगळा, झेवियर वेगळा. बाहेरून साधं पांढरं, पण दाराची काळसर दगडी महिरप बघा. चर्च १६६१ मध्ये नव्याने बांधलं, हे दार मात्र आधीच्या चर्चचं, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं. जहाजाच्या दोरखंडासारखे पीळ ही पोर्तुगालच्या राजा मानुएलच्या काळातली धाटणी. आत सगळी जमीनच थडग्यांची आहे.

शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. व्हाइसरॉयांची तैलचित्रं ओळीने टांगलेली आहेत. पाच-सहा बघून झाली की सगळ्यांच्या दाढ्या सारख्या दिसायला लागतात. मराठी माणसाने थांबायचं ते वीरगळांपाशी. आपल्याकडे वीरगळ म्हणजे घोडे, ढाल-तलवार, गाई सोडवताना पडलेला वीर. इथे एका शिळेवर वल्ह्यांच्या नावा कोरल्या आहेत आणि लढाई पाण्यावर चालली आहे. गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या आरमाराचं चित्र. जवळ वाकून बघा, एकेक वल्हं मोजता येतं. पोर्तुगीजांच्या आधी ही नदी कोणाची होती ते इथे कळतं.

बाहेर पश्चिमेला आणखी थोडं गेलं की संत कॅथरीनचं कपेल. लहान, जांभ्याचं, बहुधा बंद. आल्बुकर्क ज्या वेशीतून शहरात शिरला तिथे ते उभारलं आणि १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने वाढवलं, असं भिंतीतला लेख सांगतो.

बॉम जीझस

आता जेवून घ्या. चौकाच्या आसपास साधी हॉटेलं आहेत, भाजी-पाव आणि मासळीची थाळी मिळते. मग दुपारी बॉम जीझसला, कारण सकाळच्या सहलीच्या बस तोवर पांगलेल्या असतात. वाटेत मेणबत्त्यांची दुकानं लागतील. मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं मांडलेली दिसतात. ज्या अवयवाचं दुखणं तो अवयव वाहायचा. घ्यायला येणारे सगळे ख्रिस्ती नसतात. ‘गोंयचो सायब’, म्हणजे झेवियर, नवसाला पावतो हे इथे धर्म न विचारता मानतात.

चर्चचा लालसर रंग हा मुळातला नाही. १५९४ ते १६०५ या काळात बांधलं तेव्हा त्यावर इतर चर्चांसारखा चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर, पोर्तुगीज अमदानीतच, दगड दिसावा म्हणून तो काढला. फोटोत देखणं दिसतं खरं, पण जांभा मऊ, कोकणात घर बांधलेल्या कुणालाही ठाऊक आहे की उघड्या जांभ्याला चार महिन्यांचा पाऊस काय करतो. गिलावा परत लावावा की नाही यावर वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर लावावा. रंगापेक्षा भिंत महत्त्वाची. दर्शनी भागातलं काळं नक्षीकाम निराळ्या दगडाचं आहे, तो वसईहून समुद्रमार्गे आणलेला. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांत फिरलेल्यांना त्याची ओळख पटेल.

आत मुख्य वेदीवर एक गंमत आहे. चर्च ज्याच्या नावाचं तो बाळ येशू खाली, वितभर दिसतो, आणि त्याच्या डोक्यावर जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला भला थोरला उभा आहे. तो वर बघतो आहे, आणि वर सूर्यात पुन्हा तीच तीन अक्षरं. मान कोणाचा याचा हिशेब संघाने स्वतःपुरता नीट ठेवलेला दिसतो.

उजव्या हाताला झेवियरची समाधी. जन्म १५०६ चा, आजच्या स्पेनमधल्या नावाराचा. ६ मे १५४२ ला गोव्यात आला आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. देह आधी मलाक्काला नेला, मग १५५४ मध्ये गोव्यात आणला. तो कुजला नाही, हाच चमत्कार मानला गेला. १६२२ मध्ये त्याला संतपद मिळालं. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली, तिच्यावर त्याच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याची देणगी. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने तो केला आणि १६९८ मध्ये इथे बसवला गेला. पेटी उंचावर आहे, खालून चेहरा वगैरे दिसत नाही. “दिसलं का?” “काहीच नाही” हा संवाद रांगेत सतत ऐकू येतो. दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून दर्शनाला ठेवतात. गेल्या खेपेला नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये ठेवली होती.

या पेटीशी आपलं एक नातं आहे आणि ते इथल्या पाटीवर नाही. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या फौजेने जुवें बेटावरचा किल्ला घेतला. जुवें म्हणजे राजधानीच्या उशालाच. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर स्वतः चालून गेला, मार खाल्ला, जखमी होऊन कसाबसा परतला. शहर वाचत नाही असं दिसल्यावर तो या चर्चमध्ये आला, संताची पेटी उघडवली, आपला अधिकाराचा दंड आणि राजचिन्हं त्याच्या स्वाधीन केली आणि राज्य आता तूच सांभाळ असं लिहून ठेवलं. थोड्याच दिवसांत शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरली आणि मराठ्यांना मागे फिरावं लागलं. गोव्याने श्रेय संताला दिलं. पुढे व्हाइसरॉय आपला दंड या समाधीपासूनच घेऊ लागले. हे पाहुण्यांना सांगितलं की मग रांगेत कुणी ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत नाही.

फोटोबद्दल: आतल्या फलकांवरच्या सूचना वाचा. वास्तूचे फोटो चालतात, माणसं उभी करून काढलेले चालत नाहीत. रक्षक शिट्टी वाजवतो आणि सगळं चर्च वळून बघतं.

टेकडी

बॉम जीझसच्या पश्चिमेला चढण आहे. बसवाले इथे कोणी येत नाहीत, म्हणून तर यायचं. वर डावीकडे संत ऑगस्टिनच्या चर्चचा उरलेला मनोरा, ४६ मीटरचा, अर्धा चिरल्यासारखा. १५९७ ते १६०२ मध्ये बांधलेलं हे चर्च १८३५ नंतर ओसाड पडलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा गेला. यातली घंटा मात्र वाचली. पणजीत जिने चढून ज्या पांढऱ्या चर्चचा सगळे फोटो काढतात, तिथे ती १८७१ पासून वाजते आहे.

अवशेषांत उतरा. पडक्या वेद्यांच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या फरश्यांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. हात लावू नका, बोटाएवढाले तुकडे सुटे झालेत. जॉर्जिया देशाची राणी केटेवान हिला १६२४ मध्ये इराणात शिराझला धर्म सोडत नाही म्हणून मारलं, आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप इथवर आणून पुरले. शतकं लोटल्यावर पुरातत्त्व खात्याला इथे हाड सापडलं, जनुकीय तपासणीत ते तिचंच असावं असं ठरलं आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिलं.

समोर संत मोनिकाचा मठ, सतराव्या शतकातला, नन्सचा. त्यातच ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. हस्तिदंती मूर्तींसाठी वेळ काढा, येशूचे डोळे पुष्कळदा आपल्याकडच्या मूर्तींसारखे लांबट आहेत, कारण कोरणारे हात इथलेच होते.

टेकडीच्या टोकाला रोझरी चर्च, १५४०च्या दशकातलं, म्हणजे आज शाबूत उभ्या असलेल्या चर्चांत जुन्यात जुनं. गोल बुरूज, जाड भिंती, लहान खिडक्या. देऊळ कमी आणि गढी जास्त. आल्बुकर्कने १५१० ची लढाई इथे उभं राहून पाहिली असं सांगतात. आत दोना कातारिनाची समाधी आहे, गव्हर्नर गार्सिया द सा याची बायको. तिच्यावरची वेलबुट्टी गुजरातच्या मशिदींतून उचलल्यासारखी आहे. चर्च बंद असेल तर वाईट वाटून घेऊ नका, पश्चिमेच्या कठड्याशी जाऊन उभे राहा. खाली मांडवी, पलीकडे दिवाडी बेट.

पलीकडे

थकला नसाल तर परत धक्क्यावर या आणि दिवाडीची फेरीबोट धरा, गाडीसकट जाता येतं. पाच मिनिटांत पलीकडे. पियेदाद गावातल्या टेकडीवरच्या चर्चच्या दफनभूमीत एक लहान कपेल आहे, त्याच्या छतावर कदंबकालीन कोरीव काम टिकून आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाला सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान, तिथे आता जुन्या तळ्याचे अवशेष आहेत. देऊळ पाडलं गेलं तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नेलं. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळोशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून अशाच हलल्या आणि फोंड्याकडे गेल्या, कारण तिकडे तेव्हा पोर्तुगीज राज्य नव्हतं. सकाळी मंगेशीला नमस्कार करून आलेल्या पाहुण्यांना देव त्या डोंगरात का, याचं उत्तर या काठावर मिळतं.

दिवाडीहून दुसरी फेरीबोट डिचोलीच्या बाजूला नार्व्याला सोडते. सप्तकोटेश्वर तिथे आहे, झाडीत, कौलारू. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी ते देऊळ नव्याने बांधायला लावलं. लिंग धारलिंग आहे, पैलूदार. दिव्याच्या उजेडात पैलू वेगवेगळे चमकतात. इथे मात्र चपला बाहेर काढायच्या. आत्याने पिशवीतून काढलेल्या चपला दिवसात पहिल्यांदा पायात घातल्या होत्या त्या दिवाडीच्या बोटीत, आणि वीस मिनिटांनी पुन्हा काढल्या. बस इकडे फार कमी आहेत. स्वतःची गाडी नसेल तर देवळात जाण्यापूर्वीच परतीच्या बोटीची वेळ धक्क्यावरच्या माणसाला विचारून ठेवा.